दहा पैशांचा दाणा, हजारोंची जाळी
हर्नियाच्या जाळीचा व्यवसाय आणि आपल्या कारखानदारांसाठी पेटंटचा धडा

भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यात ज्यांनी उभा जन्म प्रेस शॉपमध्ये डाय उचलण्यात, गोदामात पोती वाहण्यात किंवा लोखंडी बार खांद्यावर घेण्यात घालवला, त्यांना हर्निया हा आजार नवा नाही. जांघेत गाठ येते, उभे राहिले की फुगते, आडवे पडले की आत जाते. काही दिवस माणूस पट्टा बांधून कामाला जातो आणि मग एके दिवशी डॉक्टर सांगतात की, ऑपरेशनशिवाय इलाज नाही, जाळी बसवावी लागेल.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध फिटर चाचा असेच ऑपरेशनला गेले. हयात प्रेस मशीनवर गेलेली. ऑपरेशनपूर्वी त्यांनी हट्टाने ती जाळी पाहायला मागितली. तळहाताएवढा पांढरा तुकडा पाहून ते आम्हाला म्हणाले, "बेटा, ही तर मच्छरदाणी दिसते! हिचे एवढे हजार कसे?"

प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. ज्याने चाळीस वर्षे मालाचे वजन करून दर काढला, त्याचा तो रास्त प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला जे समजले, ते रुग्णांइतकेच आपल्या लहान कारखानदारांच्याही उपयोगाचे आहे. म्हणून या अंकात आम्ही हर्नियाची जाळी आणि तिच्याभोवतीचा पेटंटचा व्यवहार हा विषय घेतला आहे.

जाळी म्हणजे काय?

पोटाच्या भिंतीतील स्नायूंचा थर एखाद्या जागी कमजोर झाला की आतील आतडे किंवा चरबी तेथून बाहेर डोकावते, हाच हर्निया. इटलीचे शल्यचिकित्सक बासिनी यांनी १८८७च्या सुमारास जांघेतील हर्निया शिवण्याची जी पद्धत रूढ केली, ती पुढे अनेक दशके चालली. तीत फाटलेल्या जागेच्या दोन कडा ओढून एकमेकींना शिवत. पण जुने कापड ताणून शिवले की टाक्याजवळच पुन्हा फाटते, हे कोणताही दर्जी सांगेल. तसेच येथेही होई. ताण पडे, वेदना राहत आणि बऱ्याच रुग्णांत हर्निया परत येई.

ताण काढायचा तर ठिगळ लावावे लागते. अमेरिकेतील ह्यूस्टनचे डॉ. फ्रान्सिस अशर यांनी १९५८मध्ये 'मार्लेक्स' या पॉलिथिलीनच्या जाळीचा वापर प्रसिद्ध केला आणि काही वर्षांतच ते पॉलिप्रॉपिलीनच्या विणलेल्या जाळीकडे वळले. पुढे लॉस एंजेलिसचे डॉ. आयर्विंग लिश्टेनस्टाइन यांनी १९८९मध्ये एक हजार रुग्णांचा अनुभव मांडून 'ताणरहित' पद्धत जगभर नेली. आज जांघेच्या हर्नियावर जगात सर्वाधिक चालणाऱ्या पद्धतींत तिची गणना होते. जाळीच्या छिद्रांतून शरीराची ऊती वाढते, जाळी भिंतीत मिसळून जाते आणि ठिगळ कायमचे पक्के होते.

पॉलिप्रॉपिलीन म्हणजे चाकणच्या मोल्डिंगवाल्यांचा रोजचा 'पीपी दाणा'च. मोटारीचे बंपर, बॅटरीची खोकी, डबे ज्या जातीच्या प्लास्टिकपासून बनतात, त्याच जातीचे हे प्लास्टिक. फरक शुद्धतेचा आणि दर्जाचा असतो, जात तीच.

आधी वजनाचा हिशेब

चाचांच्या प्रश्नाकडे आपण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. जांघेच्या हर्नियासाठी साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर लांब जाळी वापरतात. जुन्या धाटणीची जड जाळी चौरस मीटरला ८० ते १०० ग्रॅम भरते. या हिशेबाने त्या तुकड्याचे वजन जेमतेम एक ग्रॅम होते. हलक्या जाळीचे तर अर्धा ग्रॅमही होत नाही. पीपी दाणा किलोला शंभर-सव्वाशे रुपये धरला, तर एका जाळीतील कच्चा माल दहा-बारा पैशांचा झाला. साधी जाळी मात्र काही हजारांच्या छापील किमतीला मिळते आणि खास थर दिलेल्या जाळीची किंमत त्याच्या कितीतरी पट असते.

मधला पैसा कशाचा? सर्वांचा पहिला समज असतो, "पेटंट असेल." पण हा समज अपुरा आहे. साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीचे मूळ पेटंट केव्हाच संपलेले आहेत. तशी जाळी भारतातही अनेक उत्पादक विणतात. किमतीत धागा, स्वच्छ खोली, निर्जंतुकीकरण, वर्षानुवर्षांच्या चाचण्या, परवाना, बिघाड झाल्यास जबाबदारी, ब्रँड आणि विक्रीच्या साखळीतील कमिशन हे सारे असते. पेटंटचा भाग मुख्यतः नव्या, सुधारित जाळ्यांत येतो. म्हणजे ग्राहक दाण्याचे पैसे फारसे देत नाही. हा तुकडा शरीरात वीस-तीस वर्षे नीट राहील, याच्या पुराव्याचे पैसे तो देतो. या लेखाचे सारे सार या एका वाक्यात आहे आणि पुढेही ते पुन्हा येईल.

दाण्याच्या पेटंटची तीस वर्षांची लढाई

पेटंट म्हणजे काय चीज आहे, हे या दाण्याच्याच इतिहासावरून कळते. अमेरिकेतील फिलिप्स पेट्रोलियम कंपनीचे होगन आणि बँक्स हे दोन संशोधक १९५१मध्ये वेगळेच इंधन-रसायन करू पाहत होते. नळीत पांढरा घट्ट पदार्थ अडकला, तो स्फटिकरूप पॉलिप्रॉपिलीन निघाला. कंपनीने १९५३मध्ये अर्ज केला. इकडे इटलीत प्रा. नाट्टा यांनी १९५४मध्ये तोच पदार्थ मिळवला आणि इतर कंपन्यांनीही दावे केले. पहिला कोण, यावर कचेऱ्यांत आणि कोर्टांत झगडा चालला. अखेर १९८३च्या मार्च महिन्यात फिलिप्सच्या नावे अमेरिकन पेटंट निघाले. अर्ज आणि पेटंट यांत तीस वर्षे गेली. निकाल लागला तो प्रयोगशाळेतील नोंदी, तारखा आणि अर्जातील शब्द यांच्या बळावर. ज्यांच्याकडे कागद नव्हता, त्यांची अक्कल कोर्टाला दिसली नाही.

नव्या पेटंटची चाल कोणीकडे?

जाळीच्या पेटंटचा ओघ गेल्या चार दशकांत कसा वळला, हे पाहणे उद्बोधक आहे.

पहिला प्रवाह विणकामाचा. ही जाळी यंत्रमागावर ताणा-बाणा टाकून विणत नाहीत. ती 'वॉर्प निटिंग' यंत्रावर फास्याफास्यांनी गुंफली जाते, म्हणून कात्रीने कोठेही कापली तरी तिची कड उसवत नाही. मच्छरदाणी आणि लेस याच कुळातील यंत्रांवर निघतात. सुरुवातीच्या जाळ्या जड आणि बारीक छिद्रांच्या होत्या. त्या शरीरात कडक होत, आकसत आणि रुग्णाला आत काही टोचत असल्यासारखे वाटे. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून हलक्या, एक मिलिमीटरहून मोठ्या छिद्रांच्या जाळ्या आल्या. काहींत निम्मा धागा विरघळणारा घातला. माल कमी आणि मोल जास्त, असा हा प्रकार.

दुसरा प्रवाह थरांचा. जाळी पोटाच्या आत, आतड्याला लागून ठेवायची झाली तर आतडे तिला चिकटण्याचा धोका असतो. म्हणून एका बाजूस उघडी जाळी आणि दुसऱ्या बाजूस न चिकटणारा थर, अशा दुहेरी जाळ्या निघाल्या. हा थर कोलॅजनचा, सेल्युलोजचा किंवा अन्य पदार्थाचा असतो.

तिसरा प्रवाह आकाराचा आणि पकडीचा. शंकूच्या आकाराचे बूच, शरीराच्या वळणाप्रमाणे आधीच घडवलेली जाळी, आणि ज्या जाळीवर विरघळणाऱ्या सूक्ष्म आकड्यांमुळे टाके घालावे लागत नाहीत अशी 'स्वतः पकडणारी' जाळी. चपलेच्या किंवा बॅगेच्या चिकटपट्टीची कल्पना येथे शरीरात गेली, असे म्हणता येईल.

चौथा प्रवाह प्राणिजन्य आणि संपूर्ण विरघळणाऱ्या जाळ्यांचा. येथे आमच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्राणिजन्य जाळ्यांपैकी काही डुकराच्या कातडीपासून किंवा आतड्याच्या थरापासून बनतात, तर काही गुरांच्या ऊतीपासून. दुहेरी जाळीतील कोलॅजनचा थरही प्राण्यापासूनचा असू शकतो. ज्यांना याची माहिती हवी, त्यांनी ऑपरेशनपूर्वीच डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. नेहमीची साधी पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची जाळी मात्र संपूर्ण कृत्रिम असते. जंतुनाशक औषध लावलेल्या जाळ्या, अतिसूक्ष्म तंतूंच्या जाळ्या आणि त्रिमितीय छपाईने घडवलेल्या जाळ्या, हा या प्रवाहाचा अगदी अलीकडचा फाटा आहे.

या साऱ्यावरून दिसते की, पेटंटची चाल कच्च्या मालाकडून रचनेकडे, रचनेकडून पृष्ठभागाकडे आणि तेथून शरीराशी होणाऱ्या व्यवहाराकडे गेली आहे.

पण नवे ते चांगलेच, असा समज करून घेऊ नये. एका मोठ्या अमेरिकन कंपनीची 'फिजिओमेश' ही थर दिलेली जाळी २०१६मध्ये बाजारातून काढून घेण्यात आली, कारण तिच्यानंतर हर्निया परत येण्याचे प्रमाण इतर जाळ्यांहून अधिक दिसले. पेटंट कचेरी वस्तू नवी आहे की नाही ते पाहते. ती रुग्णाच्या हिताची आहे की नाही, हे तपासणे तिचे काम नाही. पेटंटचा कागद म्हणजे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे.

दोंडाईच्याची मच्छरदाणी

आता चाचांच्या "मच्छरदाणी" या शब्दाकडे येऊ. त्यांनी जे सहज म्हटले, ते धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी प्रत्यक्षात आणले होते. खेड्यापाड्यातून येणाऱ्या गरीब रुग्णांना बाजारातील जाळी परवडत नाही, म्हणून त्यांनी पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्र धाग्याचे मच्छरदाणीचे कापड धुऊन, कापून, निर्जंतुक करून वापरले. निरनिराळ्या ठिकाणच्या सहकारी डॉक्टरांसह त्याचे निष्कर्ष त्यांनी २००३मध्ये भारतीय शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात मांडले. जाळीचा खर्च हजारांवरून काही रुपयांवर आला.

ही कल्पना दूरवर गेली. आफ्रिकेतील युगांडात ३०२ पुरुष रुग्णांवर रीतसर तुलना झाली. अर्ध्यांना मच्छरदाणीच्या जातीची स्वस्त जाळी आणि अर्ध्यांना कंपनीची जाळी बसवली. निष्कर्ष २०१६मध्ये जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाचा हर्निया परतला, कंपनीच्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. तज्ज्ञांच्या मते हा फरक नगण्य होता.

तथापि कोणीही बाजारातून मच्छरदाणी आणून विकण्याचा विचार मनात आणू नये. कापड कोणत्या प्लास्टिकचे, त्यावर कीटकनाशक लावले आहे काय, निर्जंतुक करण्याच्या उष्णतेत ते टिकते काय, या गोष्टी तपासाव्या लागतात. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या पुढे वितळते, पॉलिथिलीन त्याच्या बरेच खाली. १२१ अंशांच्या वाफेत एक टिकेल, तर दुसऱ्याबाबत सांभाळावे लागेल. मोल्डिंगच्या कारागिराला हे वेगळे सांगायला नको. टोणगावकरांच्या कामाची किंमत कापडात नव्हती. निवड, तपासणी आणि रुग्णांची नोंद यांत होती. पुन्हा तोच मुद्दा, पुराव्याचा.

पुण्याचे जाळीविरहित ऑपरेशन

दुसरे उदाहरण आपल्या अगदी शेजारचे. पुण्याचे शल्यचिकित्सक डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीच नको, अशी वाट काढली. रुग्णाच्याच पोटाच्या बाहेरील स्नायूच्या मजबूत पडद्याची एक पट्टी, दोन्ही टोकांनी जोडलेलीच ठेवून, कमजोर जागेवर शिवायची, अशी ही पद्धत. ४०० रुग्णांचा अनुभव त्यांनी २००१मध्ये युरोपातील शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे पोलंडमधील डॉक्टरांनी २०८ रुग्णांवर देसरडा पद्धत आणि लिश्टेनस्टाइन पद्धत यांची तुलना करून २०१२मध्ये निष्कर्ष दिले. तीन वर्षांच्या पाहणीत दोन्हींचे परिणाम सारखेच आढळले. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा कल अजून सर्वसाधारणपणे जाळीकडेच आहे, हेही सांगितले पाहिजे. कोणत्या रुग्णाला काय योग्य, हे त्याच्या डॉक्टरांनी ठरवावे.

आमच्या पानाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. या पद्धतीचे पेटंट भारतात मिळाले असते काय? उत्तर, नाही. भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्याचे कलम ३(आय) सांगते की, माणसावर करावयाच्या शस्त्रक्रियेची किंवा उपचाराची पद्धत पेटंटला पात्र नाही. जाळी ही वस्तू आहे, तिच्यात काही नवे असेल तर पेटंट मिळू शकते. जाळीशिवाय शिवण्याचे कौशल्य मात्र कोणाच्याही मालकीचे होत नाही. अमेरिकेत अशा पद्धतीला पेटंट मिळू शकते, पण १९९६च्या दुरुस्तीनंतर तेथेही ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरकडून त्याची वसुली करता येत नाही.

याचा परिणाम बाजारावर होतो. ज्या सुधारणेतून विकण्याजोगी वस्तू निघते, तिच्यामागे भांडवल, प्रतिनिधी आणि जाहिरात उभी राहते. ज्या सुधारणेतून केवळ रुग्णाचा खर्च वाचतो, ती डॉक्टरांच्या तळमळीवर चालते. दोंडाईचा आणि पुण्याच्या या दोघांनी आपले ज्ञान उघड छापले आणि ते सर्वांचे झाले. एकदा छापलेली गोष्ट दुसरा कोणी 'नवी' म्हणून आपल्या नावे करू शकत नाही. खुले प्रकाशन हेही एक संरक्षणच आहे, मात्र ते समाजाचे संरक्षण. शोध स्वतःच्या धंद्यासाठी राखायचा असेल तर वाट दुसरी आहे.

आपल्या पट्ट्यातील उदाहरणे

पिंपरी-चिंचवडला पेटंट परके नाही. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या १९५४मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत 'हॅमायसिन' हे बुरशीवरील औषध शोधले गेले. कंपनीच्या नावाची आद्याक्षरेच औषधाच्या नावात आहेत.

आकुर्डीच्या बजाज ऑटोचा दावा तर देशभर गाजला. लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याच्या रचनेचा अर्ज कंपनीने जुलै २००२मध्ये केला, जुलै २००५मध्ये पेटंट मिळाले. २००७च्या अखेरीस टीव्हीएसची 'फ्लेम' गाडी आली आणि प्रकरण मद्रास हायकोर्टात गेले. फेब्रुवारी २००८मध्ये बजाजच्या बाजूने मनाई मिळाली, मे २००९मध्ये खंडपीठाने ती उठवली. सप्टेंबर २००९मध्ये सुप्रीम कोर्टाने विक्रीचा हिशेब ठेवण्याच्या अटीवर टीव्हीएसला मुभा दिली आणि असे खटले लवकर निकालात काढावेत असे बजावले. अखेर २०१९मध्ये दोघांनी समझोता केला. धडा दुहेरी आहे. पेटंट असले की दावा करता येतो, आणि दावा केला म्हणजे विजय झाला असे नाही. लहान माणसाने पेटंट घ्यावे ते कोर्टात जाण्यासाठी नव्हे. समोरच्याशी बरोबरीने बोलता यावे, यासाठी घ्यावे.

आणि हे बोलणे न जमल्याने काय होते, तेही सांगतो. भोसरीतील आमच्या परिचयाच्या एका वर्कशॉपवाल्याने एका ग्राहक कंपनीसाठी असे फिक्स्चर बनवले की, दोन माणसांचे काम एक माणूस करू लागला. खुशीने त्याने नकाशा कंपनीच्या माणसाच्या हाती दिला. पुढची ऑर्डर तोच नकाशा दाखवून दुसऱ्या वर्कशॉपला कमी दरात गेली. आमचा मित्र भांडायला गेला, तेव्हा त्याला विचारण्यात आले, "हे तुमचे आहे याला पुरावा काय?" त्याच्याकडे ना तारखेची वही होती, ना सही केलेले पत्र. हात काळे करून केलेली चार महिन्यांची मेहनत चहाच्या टेबलावर गेली.

मग करावे काय?

एक, वही ठेवावी. सुधारणा सुचली की तारीख, रेखाटन, काय अडचण होती आणि ती कशी सुटली, हे लिहून सही करावी. कच्ची वही कायद्याने पेटंट देत नाही, पण वाद पडला तर कामी येते आणि अर्ज लिहिणाऱ्याचे काम सोपे करते.

दोन, आधी अर्ज, मग प्रदर्शन. भारतात जो आधी अर्ज करील त्याचा हक्क मोठा. वस्तू बाजारात आणली, प्रदर्शनात मांडली किंवा ग्राहकाला मोकळेपणी दाखवली, तर नवेपणा गमावण्याचा धोका असतो. दाखवणे भागच असेल तर गुप्ततेच्या करारावर सही घ्यावी.

तीन, प्रथम तात्पुरता अर्ज करता येतो. त्याने तारीख पक्की होते आणि पूर्ण तपशील देण्यास बारा महिने मिळतात. व्यक्ती, नवउद्योग आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. तपासणीच्या विनंतीचे शुल्क लहानांना ४,००० आणि मोठ्यांना २०,००० रुपये. ही विनंती ३१ महिन्यांच्या आत करावी लागते, आपोआप काही होत नाही. वकिलाचा किंवा पेटंट एजंटचा खर्च वेगळा. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कचेरीच्या कक्षेत येतात.

चार, पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे चालते, पण तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण शुल्क भरावे लागते. ते चुकले तर हक्क जातो.

पाच, जुनी पेटंट वाचावीत. आमच्या मते हा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित फायदा आहे. पेटंट कचेरीच्या संकेतस्थळावर शोध विनामूल्य करता येतो. हर्नियाच्या जाळ्यांसाठी वर्गीकरणात 'ए-६१-एफ २/००६३' असा स्वतंत्र कप्पाच आहे, आणि आपापल्या धंद्याचाही असाच कप्पा असतो. पेटंट देशापुरते असते. जे भारतात घेतलेच नाही किंवा ज्याची मुदत संपली, ते ज्ञान येथे वापरण्यास मोकळे आहे. मात्र माल काढण्यापूर्वी जाणकाराकडून खात्री करून घ्यावी.

सहा, प्रत्येक गोष्टीला पेटंट लागत नाही. केवळ बाह्य रूप नवे असेल तर डिझाइनची नोंदणी दहा वर्षे चालते आणि पाच वर्षांनी वाढवता येते. नाव आणि चिन्ह यांसाठी ट्रेडमार्क आहे. माहीत असलेले भाग नुसते शेजारी शेजारी जोडले, तर कायदा त्याला शोध मानत नाही.

जाळीच्या धंद्यात आपल्याला जागा आहे काय?

थेट जाळी विणण्याचा मोह कोणी घाईने करू नये. वैद्यकीय उपकरणांचे २०१७चे नियम १ जानेवारी २०१८पासून लागू झाले. उपकरणांचे जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत आणि शरीरात कायम राहणाऱ्या वस्तू वरच्या, मोठ्या जोखमीच्या वर्गांत येतात. १ ऑक्टोबर २०२३पासून सी आणि डी वर्गांनाही परवाना सक्तीचा आहे आणि तो केंद्रीय अधिकाऱ्यांकडून मिळतो. स्वच्छ खोली, चाचण्या, प्रत्येक बॅचची नोंद, हे सारे लागते.

पण या धंद्याच्या भोवती पुष्कळ कामे आहेत. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी लागणाऱ्या हत्यारांच्या मुठी, ट्रे, पॅकिंग, साचे, स्टेनलेस स्टीलचे बारीक भाग, जाळी कापण्याचे डाय, तपासणीची फिक्स्चर्स, ही कामे आपल्या हातांना जमणारी आहेत. मोटारीच्या सुट्या भागांत ज्यांनी मायक्रॉनची अचूकता सांभाळली, त्यांना ती नव्याने शिकावी लागणार नाही. शिकावी लागेल ती नोंद. कोणता दाणा, कोणती बॅच, कोणी तपासले, कधी तपासले. या व्यवस्थेला आयएसओ १३४८५ म्हणतात. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये चाचणी आणि नमुना बनवण्याची सोय आहे. पुण्याच्या पाषाण रस्त्यावरील व्हेंचर सेंटर नवउद्योगांना जागा, उपकरणे आणि बौद्धिक संपदेचा सल्ला देते. तेथे जाऊन विचारणा करण्यास संकोच नको.

शेवटी, आमच्या वाचकांतील रुग्णांसाठी दोन शब्द. गाठ घट्ट झाली, आत जाईना, दुखू लागली, उलट्या होऊ लागल्या, तर एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठावे. आतडे अडकले तर जिवावर बेतते. कामगार विम्याचे सभासद असलेल्यांनी चिंचवडच्या मोहननगरातील रुग्णालयात आणि इतरांनी पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात चौकशी करावी. जाळी कोणती, तिची किंमत किती आणि तिच्याऐवजी साधी चालेल काय, हे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. जाळीच्या वेष्टनावरील चिकटपट्टी मागून आपल्या कागदांत जपून ठेवावी. तीत बॅचचा क्रमांक असतो.

चाचांचे ऑपरेशन नीट झाले. परवा भेटले तेव्हा त्यांनी पिशवीतून तीच चिकटपट्टी काढून आम्हाला दाखवली आणि म्हणाले, "चाळीस वर्षांत एवढे जॉब केले, एकावरही माझा नंबर नाही. या चिंधीवर बघ, नंबर आहे."

त्यांना दहा पैशांच्या दाण्याचे उत्तर मिळाले होते. आपल्या पट्ट्यात हुन्नर कमी नाही आणि मेहनत तर नाहीच नाही. उणीव आहे ती नंबराची, तारखेची आणि कागदाची. ती भरून काढण्यास भांडवलापेक्षा सवय लागते. ही सवय उद्या सकाळी, शटर उघडताना, दोनशे पानी वही विकत घेऊन सुरू करता येईल.